पायऱ्यांचा उतार

मिलिंग यंत्र आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल, बाकीच्यांनी आयटीआयला गेलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडून त्याचे नाव तरी ऐकले असेल. लेथवर काम फिरते आणि हत्यार फिरत नाही. मिलिंग यंत्रात याच्या उलट असते. काम टेबलावर घट्ट बांधलेले असते आणि दातेरी कटर फिरत असतो. टेबल किंवा कटर सरकवण्यासाठी तीन हँडले असतात. एकाने डावी-उजवीकडे, दुसऱ्याने पुढे-मागे आणि तिसऱ्याने वर-खाली. आपण फळ्यावर काढतो तेच हे तीन अक्ष : एक्स, वाय आणि झेड.

एक हँडल फिरवले की सरळ चर पडतो. दुसरे फिरवले की त्याला काटकोनात दुसरा चर. त्यामुळे चौकोनी खाचा, सपाट पृष्ठे आणि पायऱ्या या यंत्रावर सहज होतात. अडचण येते ती उताराची. उतार कापायचा तर दोन हँडले एकाच वेळी आणि एकाच प्रमाणात फिरायला हवीत. एका हाताने तीन फेरे होत असताना दुसऱ्या हाताने नेमका एक. माणसाला हे काही क्षण जमेलही, पण हातभर लांबीच्या कामावर जमत नाही.

यावर जुन्या कारागिरांनी एक युक्ती काढली होती. उतार कापायचाच नाही, काम तिरपे बांधायचे! साइन बार आणि मोजक्या जाडीचे ठोकळे वापरून काम हव्या त्या कोनात कलते ठेवले, की यंत्राच्या दृष्टीने तो उतार सपाटच होतो. काही यंत्रांत कटरचे डोकेच तिरपे करता येते. एकाच कोनाच्या सपाट उतारासाठी हा उपाय आजही उत्तम आहे. पण उतार जागोजागी बदलत असेल तर? विमानाच्या पंखाचा, पंपाच्या पात्याचा किंवा प्लॅस्टिकच्या बादलीच्या साच्याचा आकार डोळ्यांसमोर आणा. तिथे काम कोणत्या कोनात बांधणार? अशा वेळी लाकडाचा किंवा धातूचा नमुना बनवून त्यावरून आकार उतरवून घेणारी यंत्रे वापरत. पण तो पहिला नमुना, आणि तो तपासायच्या टेम्पलेट, यांच्यासाठी शेवटी कानसच हाती घ्यावी लागे. आकाराचा अंतिम शब्द फिटरच्या बोटांचा असे.

आकडे कारखान्यात शिरले ते याच ठिकाणी. त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

सतरा बिंदू आणि दोनशे बिंदू

अमेरिकेतील मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी नावाचे गाव आहे. तिथे जॉन पार्सन्स हा कारखानदार १९४० च्या दशकात हेलिकॉप्टरची पाती बनवत होता. जन्म १९१३ चा, महाविद्यालयाची पदवी नाही, पण कारखान्यात मुरलेला माणूस. पात्याचा आडवा छेद माशासारखा असतो, पुढे फुगीर आणि मागे निमुळता. हा आकार बरोबर आला आहे की नाही हे तपासण्यासाठी धातूच्या पत्र्याची टेम्पलेट लागत. नकाशावर त्या वक्राचे फक्त सतरा बिंदू दिलेले असत. ते पत्र्यावर मांडायचे, वक्रपट्टीने जोडायचे, रेघेलगत पत्रा कापायचा आणि कानशीने साफ करायचा. दोन बिंदूंच्या मधला आकार म्हणजे कारागिराचा अंदाज.

पार्सन्सकडे फ्रँक स्टुलेन हा अभियंता आला. पात्यांवर येणाऱ्या ताणांचे किचकट हिशेब करण्यासाठी तो छिद्रपत्रांवर चालणारे आयबीएमचे हिशेबयंत्र वापरू लागला. ते पाहून पार्सन्सच्या मनात प्रश्न आला, की हेच यंत्र पात्याच्या वक्रावरचे बिंदू काढून देईल का? सतरा नव्हे, दोनशे? वक्राचे समीकरण माहीत होते, त्यामुळे हिशेबयंत्राला ते अवघड नव्हते. दोनशे बिंदूंचा तक्ता तयार झाला.

तो वापरण्याची रीत मजेशीर होती. एक माणूस तक्त्यातले आकडे मोठ्याने वाची. दुसरा एक्सचे हँडल त्या आकड्यावर आणी, तिसरा वायचे. मग कटर खाली उतरवून तेवढ्या जागी कापायचे, वर घ्यायचा, पुढचा आकडा. दोनशे वेळा असे केले की पत्र्याची कड बारीक दातेरी होई. ते दाते कानशीने घासले की टेम्पलेट तयार. कानस अजून सुटली नव्हती, पण तिचे काम बदलले होते. आता ती आकार ठरवत नव्हती, फक्त उंचवटे घालवत होती.

बिंदूकडून रेषेकडे

याच सुमारास विमाने वेगवान होत चालली होती. पंखांचे पत्रे रिव्हेट मारून जोडण्याऐवजी जाड धातूच्या अखंड फळीतून, आधाराच्या कण्यांसह, कोरून काढावेत असा विचार सुरू झाला. अशी फळी बुडाशी जाड आणि टोकाकडे पातळ, म्हणजे सगळा उतारच उतार. तीन माणसांनी आकडे ओरडून हे होण्यासारखे नव्हते. आकडे छिद्रांच्या रूपाने थेट यंत्रालाच वाचायला द्यावेत, अशी कल्पना पार्सन्सने अमेरिकी हवाई दलापुढे मांडली आणि जून १९४९ मध्ये त्याला कंत्राट मिळाले. हँडलांच्या जागी मोटारी बसवून त्या नेमक्या नियंत्रित करण्याचे काम त्याने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे सोपवले.

तिथल्या अभियंत्यांनी पाहिले, की पार्सन्सची कल्पना बिंदूंची आहे. कटर एका बिंदूवर जाईल, कापेल, पुढच्या बिंदूवर जाईल. बिंदू कितीही जवळ घेतले तरी मध्ये उंचवटे उरणारच, आणि पंखाएवढ्या पृष्ठभागावर ते हाताने घासत बसणे परवडणार नाही. मग त्यांनी प्रश्नच बदलला. यंत्राला बिंदू गाठायला शिकवायचे नाही, दोन बिंदूंमधल्या सरळ रेषेवरून चालायला शिकवायचे. वक्र म्हणजे शेवटी छोट्या छोट्या सरळ रेषांची साखळीच. तिन्ही अक्षांच्या मोटारी एकाच वेळी आणि योग्य प्रमाणात फिरल्या, की कोणत्याही दिशेची तिरपी रेषा मिळेल.

हे प्रमाण राखायचे कसे? त्यासाठी विजेचे स्पंद वापरले. एक स्पंद आला की अक्ष एका इंचाच्या दोन हजाराव्या भागाने, म्हणजे सुमारे ०.०१३ मिलिमीटरने सरके. तीनास एक असा उतार हवा असेल, तर एक्सच्या मोटारीला तीन स्पंद मिळत त्या वेळात झेडच्या मोटारीला एकच. म्हणजे यंत्र खरोखर उतारावरून चालतच नव्हते. ते पायऱ्याच उतरत होते, फक्त त्या पायऱ्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान होत्या!

सिनसिनाटी कंपनीचे हायड्रोटेल नावाचे मिलिंग यंत्र घेऊन त्यावर ही व्यवस्था बसवली गेली आणि सप्टेंबर १९५२ मध्ये ती जाहीरपणे दाखवण्यात आली. शेकडो निर्वात नळ्या असलेले नियंत्रणाचे कपाट मूळ यंत्रापेक्षा जास्त जागा अडवत होते. सूचना कागदी छिद्रपट्टीवरून वाचल्या जात. ‘संख्यात्मक नियंत्रण’ ही संज्ञा इथून रूढ झाली. पुढे यंत्राबरोबर छोटा संगणकच आला तेव्हा तिच्या आधी ‘संगणकीय’ हा शब्द लागला आणि सीएनसी हे आजचे नाव तयार झाले.

कौशल्य कोणाच्या हाती?

या यशाचे श्रेय कोणाचे, यावरून पुढे कुरबुर झाली. हवाई दलाने एमआयटीशी थेट करार केला आणि पार्सन्स बाजूला पडला. मात्र त्याने मे १९५२ मध्येच पेटंटसाठी अर्ज केला होता आणि जानेवारी १९५८ मध्ये त्याला ते मिळाले. १९८५ मध्ये त्याला आणि स्टुलेनला अमेरिकेचे तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय पदक देण्यात आले.

पण याहून महत्त्वाचा प्रश्न कामगाराचा होता. स्वयंचलित मिलिंगचा दुसराही एक मार्ग त्या काळी उपलब्ध होता. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९४६-४७ च्या सुमारास एक पद्धत तयार झाली होती. कुशल कारागिराने पहिला नग नेहमीसारखा हाताने कापायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवल्या जात, आणि पुढचे नग यंत्र ती फीत वाजवून कापे. गवयाचे गाणे ध्वनिमुद्रित करावे तसे. या पद्धतीत कौशल्याचे उगमस्थान कारागीरच राहत होता. एमआयटीच्या पद्धतीत मात्र ते कारखान्याच्या फरशीवरून उठून गणिताच्या टेबलाशी गेले.

ही दुसरी पद्धत का जिंकली? इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात असे मांडले, की केवळ तांत्रिक गुणांमुळे नव्हे, तर कामाचा ताबा कामगाराकडून काढून व्यवस्थापनाकडे नेण्याच्या इच्छेमुळे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हवाई दलाने १९५० च्या दशकात अशी शंभराहून अधिक यंत्रे स्वतःच्या पैशाने घेऊन विमान कंपन्यांत बसवली. खुल्या बाजारात एवढ्या महाग यंत्रांना गिऱ्हाईक मिळणे कठीण होते. जनरल इलेक्ट्रिकमध्येच काम करणारा कर्ट व्हॉनेगट हा लेखक तिथले आपोआप चालणारे मिलिंग यंत्र पाहून अस्वस्थ झाला होता. त्यातून त्याची ‘प्लेअर पियानो’ ही कादंबरी आली. तिचे प्रकाशनही १९५२ चेच!

मात्र नाण्याला दुसरी बाजूही आहे. फीत वाजवायची तर पहिला नग कोणीतरी हाताने कापायला हवा. पंखाच्या फळीचा सतत बदलता उतार हाताने नेमका कापता येत नव्हता, हीच तर मुळातली अडचण होती. जे हाताला येत होते ते फितीवर नोंदवता आले असते. जे हाताला येत नव्हते, त्यासाठी गणितच लागणार होते.

आकड्यांची भाषा

गणिताच्या टेबलाशी नवीच कोंडी झाली. एका नगाच्या हजारो छोट्या रेषांची टोके हाताने काढायची आणि पट्टीवर छिद्रे पाडायची, यात यंत्र चालवण्यापेक्षा जास्त वेळ जाई. एमआयटीतील जॉन रनयन याने हे काम ‘व्हर्लविंड’ संगणकाकडे दिले, तेव्हा एका उदाहरणात आठ तासांचे काम पंधरा मिनिटांवर आले. पुढे डग्लस रॉस याच्या नेतृत्वाखाली १९५६ पासून एपीटी ही भाषा तयार होऊ लागली. तिच्यात बिंदू, रेषा, वर्तुळ, पृष्ठ यांना नावे द्यायची आणि कटरला ‘डावीकडे जा’, ‘या पृष्ठाला धरून त्या पृष्ठापर्यंत चाल’ अशा सूचना करायच्या. मधल्या बिंदूंचा हिशेब संगणक करी. फेब्रुवारी १९५९ मध्ये ती पत्रकारांना दाखवली, तेव्हा त्यांना भेट म्हणून तिच्या साहाय्याने कापलेली ॲल्युमिनियमची रक्षापात्रे दिली होती.

आज यंत्रापर्यंत पोहोचणारी सूचना फारच छोटी असते. उदाहरणार्थ, ‘जी०१ एक्स५० झेड-२० एफ३००’. अर्थ असा : जिथे आहेस तिथून एक्स ५० आणि झेड उणे २० या जागेपर्यंत सरळ रेषेत, मिनिटाला ३०० मिलिमीटर वेगाने जा. सुरुवात शून्यावर असेल तर पन्नासाला वीस या प्रमाणात खाली जाणारा हा उतार आहे. दोन हँडले एकाच वेळी फिरवण्याचे ते जुने अवघड काम या एका ओळीत मावले.

वर्गात करून पाहण्यासारखे

ही ओळ लिहिणे सोपे, पण उतार नीट येण्यासाठी तिच्यामागे जे गणित लागते ते नववी-दहावीचेच आहे. तीन गोष्टी विद्यार्थ्यांकडून करून घेता येतील.

पहिली, स्पंदांची. आलेख कागदावर (०,०) पासून (१०,४) पर्यंत रेषा काढा. आता फक्त चौकोनांच्या कोपऱ्यांवरून चालायचे आहे. उजवीकडे एकेक घर जाताना रेषेच्या सर्वांत जवळचा कोपरा निवडा. उंची अनुक्रमे ०, १, १, २, २, २, ३, ३, ४, ४ अशी येईल. ही यंत्राची पायऱ्यांची वाट. संगणकाच्या पडद्यावरची तिरपी रेघही याच रीतीने ठिपक्याठिपक्यांनी काढता येते.

दुसरी, कटरच्या टोकाची. वक्र उतारासाठी गोल टोकाचा कटर वापरतात. त्याचे सर्वांत खालचे टोक उताराच्या रेषेवरून नेले तर काय होईल? गोलाची बाजू उतारात घुसेल आणि काम बिघडेल, कारण उताराला गोल टोकाने नव्हे, कुशीने टेकतो. गोलाचे केंद्र उतारापासून लंब अंतराने त्रिज्येएवढे दूर राहिले पाहिजे. आकृती काढली की दिसेल, की त्यासाठी टोक त्याच जागी उताराच्या रेषेपेक्षा ‘त्रिज्या × (सेक θ − १)’ एवढे वर ठेवावे लागते. त्रिज्या ५ मिलिमीटर असेल तर ३० अंशांच्या उतारावर ०.७७, ४५ अंशांवर २.०७ आणि ६० अंशांवर पूर्ण ५ मिलिमीटर. ‘सर, हे सेक थीटा कुठे वापरतात?’ या प्रश्नाचे हे एक रोकडे उत्तर आहे.

तिसरी, वरंब्यांची. गोल कटर शेजारी शेजारी सऱ्या पाडत जातो आणि दोन सऱ्यांमध्ये शेतातल्यासारखा वरंबा उरतो. वरंब्याची उंची पायथागोरसच्या प्रमेयाने निघते. कर्ण म्हणजे कटरची त्रिज्या, एक बाजू म्हणजे सऱ्यांमधले अर्धे अंतर; दुसरी बाजू त्रिज्येतून वजा केली की वरंबा. ५ मिलिमीटर त्रिज्येच्या कटरने १ मिलिमीटर अंतरावर सऱ्या पाडल्या तर वरंबा ०.०२५ मिलिमीटर येतो. अंतर निम्मे केले तर तो जवळजवळ चौथाईवर येतो, पण सऱ्यांची संख्या आणि वेळ दुप्पट.

आता खरी गंमत उतारावर. वरून पाहून १ मिलिमीटर अंतर ठेवले आणि सऱ्या उताराला आडव्या पाडल्या, तर ६० अंशांच्या उतारावर प्रत्यक्ष पृष्ठभागावर ते अंतर २ मिलिमीटर होते. वरंबा चौपट म्हणजे ०.१ मिलिमीटर, बोटाला लगेच जाणवणारा. त्याच नगाचा सपाट भाग गुळगुळीत आणि उभा भाग खडबडीत निघतो तो यामुळे. याउलट, सपाट टोकाच्या कटरने समान उंचीच्या थरांत कापले, तर पायऱ्या सौम्य उतारावर रुंद होतात : १ मिलिमीटरच्या थराला ४५ अंशांवर १ मिलिमीटर रुंदीची पायरी, १० अंशांवर ५.६७ मिलिमीटरची. भूगोलाच्या नकाशात सौम्य उतारावर समोच्च रेषा विरळ होतात आणि कड्यावर दाट होतात, तेच हे.

मग नांगर आडवा चालवावा की उभा? उताराच्या दिशेने वर-खाली चालवला तर सऱ्यांमधले अंतर ताणले जात नाही. पण खाली येताना कटरचे टोक धातूत खुपसले जाते, आणि टोकाच्या मध्यबिंदूशी फिरण्याचा वेग शून्य असल्याने तिथे तो कापत नाही, रगडतो. कोणती दिशा, किती अंतर, कुठे दाट आणि कुठे विरळ, हे धातू, हत्यार आणि कामाची गरज पाहून ठरवावे लागते.

पृष्ठभागाचे समीकरण

एक शेवटचा दुवा राहिला. पात्याच्या वक्राचे समीकरण पार्सन्सला माहीत होते. पण मोटारीच्या दरवाजाचे किंवा बॉनेटचे समीकरण कोणाला माहीत असणार? तो आकार शिल्पकाराने मातीत घडवलेला असे. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तल्झो याने १९५९ मध्ये, आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए याने १९६० च्या सुमारास स्वतंत्रपणे, यावर तोड काढली. थोडेसे नियंत्रक बिंदू द्यायचे, ते हलवले की वक्र किंवा पृष्ठ त्यांच्यामागे ओढले जाते. द कास्तल्झोचे काम कंपनीने गुप्त ठेवले, म्हणून वक्राला नाव मिळाले ते बेझिएचे. आपण हा मजकूर वाचत आहात ती छपाईची अक्षरेही आज संगणकावर अशाच वक्रांनी आखली जातात.

आज पुणे, कोल्हापूर, नाशिक या भागांतल्या साचे बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांतही संगणकाच्या पडद्यावर पृष्ठ काढले जाते आणि ‘जी०१’ च्या हजारो ओळी आपोआप तयार होतात. सतरा बिंदूंच्या जागी लाखो बिंदू आले. तरी ‘सऱ्यांमधले अंतर किती?’ हा चौकोन पडद्यावर रिकामाच असतो किंवा त्यात संगणकाने सुचवलेला आकडा असतो. तो आकडा बरोबर आहे का, हे सांगणारा माणूस बहुधा असा असतो, ज्याने कधीतरी कानस धरलेली आहे आणि साच्यावरून बोट फिरवून वरंबा ओळखलेला आहे. आयटीआयच्या अभ्यासक्रमात सीएनसी शिकण्याआधी कानशीचे काम का ठेवतात, असे विद्यार्थी विचारतात. त्यांना हा इतिहास सांगावा, आणि जमल्यास जवळच्या एखाद्या कारखान्यातून घासण्याआधीचा एक नग मागून आणून वर्गात फिरवावा. भिंग लावले की त्यावरचे वरंबे मोजता येतात.